देवमाशाची तहान

सातवीचा शेवटून दुसरा तास. फेब्रुवारी सरत आलेला, आणि आमच्या भागात फेब्रुवारी सरला की उन्हाळा ओसरीवर येऊन बसलेलाच असतो. वर पत्रे तापून मधूनच कडाड वाजत होते. मी फळ्यावर देवमासा काढला होता, त्याच्या पोटाशी एक पिल्लू काढलं होतं, आणि दर वर्षी सांगतो तेच सांगत होतो. नावात मासा असला तरी हा मासा नाही. याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. रक्त आपल्यासारखं गरम असतं. हा अंडी घालत नाही, पिलाला जन्म देतो, दूध पाजतो. तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. एरवी ती फारसं बोलत नाही. आठवड्यातले एक-दोन दिवस तर गैरहजरच असते. म्हणाली, "सर, त्यो आपल्यावानीच हाय, तर मग पाणी कुठलं पेतो? समुद्राचं तर खारं असतंय."

तास संपायला पाच मिनिटं उरली होती आणि धडा उरकायचा होता. मी म्हणालो, "अगं, जो चोवीस तास पाण्यातच राहतो त्याला पाण्याची काय कमी? बस खाली." वर्ग हसला. ती बसली. वहीच्या कोपऱ्यावर तिनं काहीतरी लिहून ठेवलं होतं, बहुधा तोच प्रश्न. त्यावर तिनं अंगठा ठेवला आणि घंटा होईपर्यंत उचलला नाही.

संध्याकाळी लातूरला परतताना वेशीजवळ टँकर उभा दिसला. टँकरचं पाणी आधी सार्वजनिक विहिरीत सोडतात आणि मग बायका-पोरी पोहऱ्यानं ते शेंदतात, तशी तिथं झुंबड उडाली होती. काठावर दोर घासल्याचा आवाज, कळशीवर कळशी आदळल्याचा आवाज, आणि त्यातच कोणाचं तरी भांडण. ती पोरगी तिथंच होती. शाळेचाच गणवेश, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, कमरेवर कळशी. घागर काठोकाठ भरलेली होती आणि एक थेंबही न हिंदकळता ती चालत होती. त्या चालण्याला अनेक वर्षं लागतात. पोरीला बारा वर्षांतच जमलं होतं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी मोटारसायकल हळू केली, आणि दुपारचं माझंच वाक्य मला ऐकू आलं. त्याला पाण्याची काय कमी. हे मी सांगितलं कोणाला, तर जिची गैरहजेरी मी पाण्याच्या दिवसांनुसार मांडतो तिला.

आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

त्या रात्री वाचायला बसलो तो पुढचे पंधरा दिवस वाचतच राहिलो. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला समुद्राचं तसं काही देणंघेणं नसतं. आमचं पाणी म्हणजे आड, विहीर, बोअर, पाझर तलाव, मांजरा आली तर मांजरा. पण तिचा प्रश्न आमच्याच पाण्याचा होता, हे वाचता वाचता कळत गेलं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आपल्या मूत्रपिंडाला तितकं खारट मूत्र करता येत नाही. म्हणून लिटरभर समुद्र प्यायलेल्या माणसाला ते मीठ बाहेर टाकायला लिटरहून जास्त पाणी लागतं, आणि ते अंगातूनच जातं. पिऊन तहान वाढते. आमच्याकडे सातशे-आठशे फुटांवर बोअरला पाणी लागतं, मोटार सुरू होते, पोरं नाचतात, आणि पहिला घोट घेणारा तोंड वाकडं करून थुंकतो : मचूळ. तेव्हा शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी दोनदा पाहिलं आहे. पाणी समोर आहे, पण ते पाणी नाही. देवमासा जन्मभर अशा मचूळ पाण्याच्या मधोमध राहतो. त्याचा बाप तिथंच राहिला, त्याचं पिल्लूही तिथंच राहणार.

मग तो करतो काय? मुद्दाम होऊन तो समुद्र फारसा पीतच नाही. तो खातो त्यातच त्याचं पाणी असतं. मासळीच्या अंगात वजनाच्या साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, आणि ते समुद्रापेक्षा बरंच कमी खारट, कारण मासा आपल्या कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकत असतो. गाळणीचं काम माशानं आधीच करून ठेवलेलं असतं. पण म्हाकूळ आणि क्रिल नावाचे कोळंबीसारखे दिसणारे बारके जीव अंगानं समुद्राइतकेच खारट. त्यांच्यावर जगणाऱ्या देवमाशाला ते मीठ स्वतःच उपसावं लागतं, आणि त्यासाठी त्याचं मूत्रपिंड वेगळं घडलेलं आहे. आपलं मूत्रपिंड घेवड्याच्या दाण्यासारखं एकसंध. त्याचं द्राक्षाच्या घडासारखं. एकेक मणी म्हणजे एकेक छोटं मूत्रपिंड, डॉल्फिनमध्ये शेकड्यांनी, मोठ्या देवमाशांत हजारोंनी. त्याला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नाहीत. पाणी बाहेर जायच्या जेवढ्या वाटा आपल्याला आहेत, त्यातल्या जमतील तेवढ्या त्याच्या शरीरानं बुजवून टाकल्या आहेत.

आणि एक वाट अशी आहे की ती वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ नुसता बसलो. चरबी जळते तेव्हा पाणी तयार होतं. शंभर ग्रॅम चरबी शरीरात जळली की शंभर ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी निघतं, कारण श्वासातला ऑक्सिजन त्यात मिळतो. लहानपणी गावाकडे कंदील लावायचं काम माझ्याकडे असायचं. राखेनं काच पुसायची, वात कातरायची, काडी लावायची, काच खाली सोडायची. काच खाली आली की पहिले काही क्षण ती आतून धुरकट व्हायची, तोंडाची वाफ सोडल्यासारखी. मग काच तापली की ते धुकं आपोआप उडून जायचं. तेव्हा वाटायचं, काच नीट पुसली गेली नाही. ते पाणी होतं. रॉकेल जळून झालेलं पाणी. देवमाशाच्या कातड्याखाली चरबीचा जो जाडजूड थर असतो, त्याला मी आजवर नुसती वाकळ म्हणून शिकवत आलो. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं, म्हणून ही वाकळ. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या बोहेड देवमाशात ती जवळपास हातभर जाड असते. ते खरंच आहे. पण ती वाकळ त्याची कणगीही आहे आणि त्याचा रांजणही.

एलिफंट सील नावाचा समुद्रातलाच एक सस्तन प्राणी आहे, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पिल्लं घालतो. आई पिलाला साधारण चार आठवडे पाजते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लू वाळूवर एकटं. तिथून पुढं दोन-अडीच महिने ते काहीही खात नाही, काहीही पीत नाही. झोपेत कित्येक मिनिटं श्वास रोखून धरतं, कारण प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर जाते. नाकाच्या आत हाडांची इतकी बारीक जाळी असते की बाहेर जाणारी हवा तिथं गार होते आणि वाफेतलं पाणी नाकातच जिरतं. दुधाचंही तसंच. आमच्या गावात डेरीवर म्हशीच्या दुधाला सहा-सात फॅट लागली तर माणूस समाधानानं घरी जातो. हुडेड सीलच्या आईचं दूध साठ फॅटचं असतं. जवळजवळ लोणीच. ती चारच दिवस पाजते आणि तेवढ्यात पिल्लू दुप्पट होतं. दुधात पाणी कमी घालायचं आणि चरबी जास्त घालायची, म्हणजे आईचंही पाणी वाचतं. पिलाला लागेल ते पाणी पिलू त्या चरबीतून स्वतः काढून घेतं. दुष्काळात छावणीतल्या आटलेल्या जनावरांच्या सडांना हात लावून बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. ही गोष्ट त्यांना सांगावी असं कितीदा मनात आलं. कशी सांगायची ते कळलं नाही.

२०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. नंतर पन्नास वाघिणींची यायला लागली. लोक गाडी बघायला रुळांवर गेले होते, मी गेलो नव्हतो. मला त्या वर्षीची आई आठवते. आमच्या गल्लीत नळ कधी येईल याचा भरवसा राहिला नव्हता, आला तर रात्री-अपरात्री. आई तोटी उघडी ठेवून खाली पितळी बादली ठेवायची आणि शेजारच्या खोलीत आडवी व्हायची. बादली पितळीच पाहिजे, प्लास्टिकची वाजत नाही. आधी तोटीतून हवा यायची, फुस्स-फुस्स, मग एक थेंब, मग धार. पहिला थेंब बादलीत पडायच्या आधी, नुसत्या हवेच्या आवाजाला ती उठून बसलेली असायची. मी विचारायचो, "झोपली नव्हतीस का?" ती म्हणायची, "झोपले होते की." दोन्ही खरं होतं. डॉल्फिनचं असंच असतं, हे आता वाचलं. त्याचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही. प्रत्येक श्वास त्याला वर येऊन, ठरवून घ्यावा लागतो. गाढ झोपला तर बुडेल. म्हणून तो एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतो, मग दुसरा अर्धा. एक डोळा बहुतेक वेळ उघडा असतो. आई आता नाही. पितळी बादली माळ्यावर आहे.

श्वासाचं शिकायला मात्र मला पुस्तकाची गरज नव्हती. ते मला तात्यांनी शिकवलं होतं. तात्या म्हणजे माझे चुलते. आंबाजोगाईकडच्या आमच्या गावात कोणाचं भांडं विहिरीत पडलं आणि गळ टाकूनही निघालं नाही की तात्यांना बोलावणं यायचं. आमच्या मळ्यातल्या विहिरीला चांगल्या पावसाच्या वर्षी तीन परस पाणी असायचं. आम्ही पोरं काठावरून मुटके मारायचो, सूर मारायचो, पण तळ कोणालाच सापडायचा नाही. अर्ध्यात कान ठणकायला लागायचे, छाती वर ओढायला लागायची. मी एकदा त्यांना म्हणालो, मी तर छाती फुटेपर्यंत श्वास भरून घेतो, तरी खाली जाता येत नाही. तात्या म्हणाले, "भरून घेतोस म्हणूनच तर. फुगा बुडतो का कुठं? थोडा सोड, मग जा." त्यांची बुडी बघायला आम्ही काठावर पालथे पडायचो. ते पायरीवर बसून चार-पाच श्वास घेत, शेवटचा अर्धा सोडत, आणि मग उडी न मारता, पाण्याला जाग येणार नाही असे, नुसते आत निघून जात. हिरव्या पाण्यात त्यांची पाठ पिवळसर दिसे, मग तपकिरी, मग दिसेनाशी होई. वर चार बुडबुडे. पाठीमागं मोटारीच्या पाइपवर बसलेली चिमणी बोललेली ऐकू यायची एवढी शांतता. मग एकदम काळं डोकं वर यायचं, हातात घागर, आणि घागरीच्या बुडाला लागलेली निळी-काळी माती.

सील बुडी मारण्याआधी श्वास सोडतात. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तात्यांची पायरी दिसली. खोल जाणाऱ्या जीवाला छातीत हवा नकोच असते. ती वर ओढते, आणि दाबाखाली तिच्यातला नायट्रोजन रक्तात शिरला तर वर येताना जीव घेऊ शकतो. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढत जातो. आपल्या फासळ्या त्या दाबाला विरोध करतात; देवमाशाच्या फासळ्या लवचिक असतात, त्या घडी घालतात, फुप्फुस आवळलं जातं, हवा श्वासनलिकेत ढकलली जाते आणि तिथंच थांबते. मग ऑक्सिजन कुठून? रक्तातून आणि मांसातून. माणसाच्या वजनात रक्त शेकडा सातच्या आसपास, एलिफंट सीलमध्ये वीसच्या आसपास. आणि मांसात मायोग्लोबिन नावाचं द्रव्य असतं, ते ऑक्सिजन धरून ठेवतं. कोंबडीची तंगडी शिजवली की गडद दिसते आणि छातीचं मांस पांढरं, तो फरक बराचसा याच द्रव्याचा : पाय दिवसभर काम करतात. खोल बुडणाऱ्या देवमाशांच्या आणि सीलच्या मांसात ते आपल्यापेक्षा सुमारे दहा पट असतं, म्हणून ते मांस लाल दिसत नाही, काळं दिसतं. माणसानं प्रथिनाच्या रेणूची त्रिमितीय घडण पहिल्यांदा पाहिली ती १९५८ साली, आणि ती याच द्रव्याची होती, स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मांसातून काढलेल्या. ते काम करणाऱ्या जॉन केंड्र्यू यांना १९६२ साली नोबेल मिळालं. घोड्याचं, माणसाचं मांस घेण्याऐवजी देवमाशाचं का, तर त्यातच ते भरभरून मिळतं.

यानंतर शरीर जे करतं ते कोणत्याही गृहिणीला समजेल. पाणी कमी आलं की आधी अंगण धुणं बंद, मग कपडे, मग अंघोळ; पिण्याचा हंडा शेवटपर्यंत राखायचा. बुडी मारलेल्या सीलचं शरीर हात-पाय, आतडी, कातडी यांचं रक्त आटवून मेंदू आणि हृदयाकडे वळवतं. हृदय सावकाश होतं. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरी बे मध्ये एका निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून त्याचे ठोके मोजले गेले. वर आल्यावर मिनिटाला २५ ते ३७, आणि खोलात कधी कधी दोन. दोन ठोके. मी घड्याळ समोर ठेवून दोन ठोक्यांमधला अर्धा मिनिट मोजून पाहिला. फार मोठा असतो तो.

वाचून झाल्यावर मी गावाकडे गेलो. तात्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. ज्या माणसाच्या दमाची पाच गावांत ख्याती होती त्याला आता दमा आहे. बाजेवर उशी पाठीशी घेऊन बसतात, पंप हाताशी. मळ्यातल्या विहिरीला पाणी लागत नाही. आजूबाजूच्या बोअरनी ते कधीच खाली ओढून नेलं. तिच्यात आता बाभळीची झाडं आहेत आणि पारव्यांची घरटी. मी त्यांना सांगितलं, की चोचीसारखं तोंड असलेला एक देवमासा आहे, त्याची एक बुडी मोजली गेली, तीन तास बेचाळीस मिनिटांची. एकदा तर तसलाच एक जवळजवळ तीन हजार मीटर खोल गेला. तात्या ऐकत होते. मधे त्यांनी पंप घेतला, थांबले. मग म्हणाले, "वर आल्यावर धाप लागत नाही का त्याला?" मी सांगितलं, की स्पर्म व्हेल पाऊण तास खाली राहिला तर वर येऊन आठ-दहा मिनिटं नुसता श्वास घेत पडून राहतो. तात्यांनी मान हलवली. "म्हणजे लागते," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कितीतरी दिवसांनी बरं वाटल्याचं दिसलं.

तो श्वास मी एकदा ऐकला आहे. मुलांची सहल घेऊन आम्ही दापोलीकडे गेलो होतो, सकाळी होडीतून डॉल्फिन बघायला नेलं. दिसलं असं फार काही नाही, एक राखाडी पाठ, पाण्याची एक सुरकुती. पण होडीच्या अगदी कडेला एक वर आला आणि आवाज आला, लोहाराचा भाता एकदम दाबून सोडल्यासारखा. श्वास सोडणं आणि घेणं, दोन्ही सेकंदाच्या आत. माणूस एका साध्या श्वासात फुप्फुसातली दहा-पंधरा टक्के हवा बदलतो. ते ऐंशी-नव्वद टक्के बदलतात. सगळी पोरं ओरडली. मला मात्र ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखं झालं होतं आणि काय ते तेव्हा उमजलं नाही. आता वाटतं, तात्यांचं डोकं पाण्याबाहेर आल्यावरचा तो पहिला आवाज.

तात्यांच्या घरून निघताना गावतळ्याच्या उरलेल्या डबक्यात चार म्हशी बसलेल्या दिसल्या. सगळं अंग आत, वर फक्त शिंगं, डोळे आणि नाकपुड्या. मी तिथंच उभा राहिलो, कारण देवमासा ज्या कुळातून आला ते याच कुळाच्या भावकीतलं : खुरांचे प्राणी, गाय, शेळी, उंट, पाणघोडा. मासा शेपूट आडवं हलवतो, डावं-उजवं. देवमासा वर-खाली हलवतो, कारण त्याचा कणा पळणाऱ्या शेळीचा आहे, वर-खाली लवणारा. त्याच्या वल्ह्यासारख्या पंखात पाच बोटांच्या हाडांचे सांगाडे आहेत. मागच्या पायांचं काहीच उरलं नाही, फक्त मांसात बुडालेली दोन बारकी हाडं. आणि नाकपुड्या नाकाच्या शेंड्यावरून सरकत सरकत डोक्याच्या वर गेल्या. म्हशीच्या नाकाकडे बघताना ते सरकणं मला जवळजवळ दिसलं.

याचा एक दुवा आपल्याच देशात सापडला. ए. रंगा राव नावाचे भूवैज्ञानिक होते, त्यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून जीवाश्मांचे दगड गोळा करून ठेवले होते. ते गेले. दगड घरात पडून होते. पुढे त्यांच्या पत्नीनं ते हान्स थेविसन या अभ्यासकाच्या हवाली केले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना चुकून तुटली, आणि आत कानाचं असं हाड दिसलं जे फक्त देवमाशांमध्येच असतं. प्राणी होता मांजराएवढा, खुरांचा, चार पायांवर चालणारा, इंडोह्यस. २००७ साली हे जगासमोर आलं. त्याच्या पायांची हाडं पाणघोड्यासारखी भरीव होती, पाण्यात तळावर उभं राहता यावं अशी. चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी तो ओढ्याकाठी राहत असे, बहुधा भीती वाटली की पाण्यात शिरत असे. आमच्या शेतातला काळा दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आहे. म्हणजे ज्या बांधावर बसून मी भाकरी खातो तो बांध जगातल्या पहिल्या देवमाशापेक्षा म्हातारा आहे. मला हे कळल्यापासून त्या दगडावर बसताना वेगळं वाटतं. समुद्राचं आपल्याला काही देणंघेणं नाही असं आता म्हणवत नाही. म्हैस डबक्यात राहिली, तो पुढं गेला. पण गेला तो जमिनीवरचंच शरीर घेऊन. कल्ले त्याला कधी फुटले नाहीत. पाच कोटी वर्षं झाली, हवा घ्यायला त्याला अजून आपल्याकडे यावं लागतं.

सोमवारी ती वर्गात होती. मी हजेरी घेतली आणि पुस्तक न उघडता म्हणालो, की पंधरा दिवसांपूर्वी हिनं मला एक प्रश्न विचारला होता आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं. वर्ग गप्प झाला. मग मी माशातलं पाणी सांगितलं, द्राक्षाचा घड सांगितला, मचूळ बोअर सांगितली. कंदिलाची काच सांगितली. कंदील निम्म्या पोरांनी पाहिलाच नव्हता, मग फळ्यावर काढून दाखवला. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजे त्यो घरचंच पाणी पेतो?" मी म्हणालो, हो, घरचंच. इतक्या पुस्तकांत मला हे इतकं नीट कुठं सापडलं नव्हतं.

मग मी ऑफिसातून परात आणायला लावली आणि माठातलं गार पाणी तिच्यात ओतलं, चार तांबे. त्यांना सांगितलं, की देवमाशाची एक गोष्ट आपल्यातही आहे. कपाळ आणि नाकाभोवतीची कातडी गार पाण्यात गेली की आपलंही हृदय आपोआप सावकाश होतं. कोण करून बघतं? तीच उठली. बाक पुढं ओढला, ओढणी पाठीमागं गाठ मारून बांधली. आधी तिचा हात हातात घेऊन मी नाडी मोजली, पंधरा सेकंदांत बावीस. मनगट बारीक, पण तळव्याला दोराचे घट्टे होते, चार बोटांच्या खाली एका ओळीत चार. तिला म्हणालो, थोडा श्वास सोड आणि मग जा, नको वाटलं की लगेच वर ये. तिनं चेहरा परातीत ठेवला. पोरं मोठ्यानं आकडे मोजायला लागली. मी माझ्या बोटांखाली तिची नाडी धरून होतो. आधी ती तशीच धावत होती. दहा झाले, बारा झाले, आणि मग दोन ठोक्यांमध्ये अंतर पडायला लागलं, थोडं, मग अजून थोडं, जणू आत कोणीतरी चालता चालता पाऊल आखडतं घेतलं. शेवटच्या पंधरा सेकंदांत सोळा. "तीस!" पोरं ओरडली.

तिनं डोकं वर घेतलं, पण पूर्ण नाही. एक मोठा श्वास घेतला आणि चेहरा तसाच परातीवर धरून ठेवला. हनुवटीवरून, नाकाच्या शेंड्यावरून, भुवयांवरून पाणी ठिबकत होतं. शेवटचा थेंब परातीत पडेपर्यंत ती तशीच वाकून थांबली. मग तोंड पुसलं, परात दोन्ही हातांनी उचलली, आणि विचारलं, "सर, हे लिंबाला घालू का?"